भीड, धडधड आणि कॉन्फिडन्स: रविवारच्या ग्रुपला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये अंबडच्या एका कंपनीत मी सोळा वर्षं एचआरला होते, इंटरव्ह्यूला समोर बसून घाम पुसणारी पोरं बघून बघून शेवटी वाटलं की निवड करण्यापेक्षा ह्यांना बोलतं करावं. आता गंगापूर रोडला ओळखीच्यांच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी सराव घेते, फी नाही, चहा आपापला. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकतेय. मी डॉक्टर नाही, आजारासारखं काही वाटत असेल तर आधी प्रश्न १६ वाचा.

१. ताई, कॉन्फिडन्स म्हणजे नेमकं काय? मला तर सगळ्याच बाबतीत कमी आहे.

'सगळ्याच बाबतीत' हे जवळपास कधीच खरं नसतं. आमच्याकडे दिंडोरी साइडच्या एक काकू यायच्या, तीन एकर द्राक्षबाग, काका गेल्यापासून एकट्या बघतात. बागेत त्यांचं काय राज्य असतं ते मी बघून आलेय. घड हातात घेतला की लगेच सांगणार थिनिंग (घडातले जादा मणी काढणं) नीट झालेलं नाही, मुकादमाला तिथल्या तिथे झापणार, व्यापारी दर पाडून मागायला लागला की 'मग राहू द्या' म्हणून सरळ चालू लागणार. आणि ह्याच काकू बँकेत गेल्या की काचेसमोर आवाज बसतो, फॉर्म पुतण्याकडून भरून घेतात, सही करताना हात कापतो. आता ह्यांना कॉन्फिडन्स आहे का नाही?

ही काय गच्चीवरची टाकी नाहीये, एकदा भरली की घरातल्या सगळ्या नळांना पाणी. प्रत्येक कामाचं वेगळं खातं असतं. काकूंच्या बागेच्या खात्यात तीस वर्षांची जमा आहे आणि बँकेच्या खात्यात शून्य, कारण तिथे त्यांनी स्वतः कधी काही केलंच नाही, आधी काका करायचे आता पुतण्या करतो. अल्बर्ट बँड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हेच मांडलं, 'हे अमुक काम मला जमेल' ह्या विश्वासाला त्याने सेल्फ एफिकसी म्हटलं. 'मी माणूस म्हणून बरा आहे की नाही' हा प्रश्न वेगळा, त्याला सेल्फ एस्टीम म्हणतात. लोक दोन्हीची भेसळ करतात, मग एक प्रेझेंटेशन फसलं की 'मी कशालाच लायक नाही' इथपर्यंत गाडी जाते.

तर आधी कुठलं खातं रिकामं आहे ते एका ओळीत लिहा. 'मला कॉन्फिडन्स नाही' असं नको, 'साहेबांसमोर सुट्टी मागताना तोंडातून शब्द फुटत नाही' असं.

२. पण आधी कॉन्फिडन्स यायला हवा ना, मग करता येईल?

इथेच घोळ आहे आणि बहुतेकांची वर्षं इथेच जातात.

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात ते बघितलं असेल. बाहेरगावच्यांसाठी सांगते, पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, वर्षभर मातीखाली बुजवलेले असतात आणि त्या एका दिवशी खणून रंगाच्या पाण्याने भरतात, लोक वरून उड्या घेतात, त्याला धप्पा म्हणतात. तिवंध्याच्या रहाडीवर मी एका पोराला काठावर उभं बघितलं होतं, दहा-बारा वर्षांचा असेल. एक पाय पुढे, परत मागे. मित्र उड्या मारून वर आले, परत गेले, हा आपला तिथेच. जेवढा जास्त वेळ उभा तेवढा चेहरा पांढरा. शेवटी मागून कोणाचा तरी धक्का लागला का ह्याने स्वतःच उडी घेतली कोण जाणे, पण गेला आत. वर आला तो नाकातोंडात रंग, ठसका, आणि लगेच परत लाइनीत. त्यानंतर तीन वेळा मोजला मी.

काठावर उभं राहून कोणाचाही कॉन्फिडन्स वाढत नाही, खोली मात्र वाढत जाते. मराठीत आपण 'भीड चेपली' म्हणतो ना, शब्द बघा किती बरोबर आहे, भीड निघून जात नाही, वापरून वापरून चेपते, नवीन चपलेसारखी. बँड्युराने विश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्या कोणाला जमताना पाहिलेलं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या वेळी शरीराला काय वाटतंय ते. ह्यात सगळ्यात वजनदार पहिला. दुसऱ्यासाठी प्रश्न ९ आणि शरीरासाठी प्रश्न ५ बघा.

३. बरं मग सुरुवात कुठून करू? छोटी पायरी म्हणजे किती छोटी?

इतकी छोटी की दुसऱ्याला सांगायला लाज वाटेल.

सातपूरला मशीन शॉपमध्ये असलेला एक मुलगा यायचा, त्याला अनोळखी माणसाशी बोलताच यायचं नाही, रिक्षावाल्याला 'इथे थांबवा' म्हणता न आल्याने पुढे जाऊन चालत मागे यायचा, खरंच. त्याची पहिली पायरी होती सिटीलिंकच्या, म्हणजे आपल्या शहर बसमध्ये कंडक्टरला विचारणं, ही बस सीबीएसला (मध्यवर्ती बसस्टँडला) जाते ना? माहिती असताना विचारायचं. दुसरी, रविवार कारंज्याच्या एका दुकानात चिवड्याची चव मागायची आणि न घेता 'नंतर येतो' म्हणून निघायचं. ही त्याला फार जड गेली, पहिल्या वेळी पाव किलो घेऊनच आला. तिसरी, शिफ्ट सुरू होताना सुपरवायझरला एक प्रश्न. चौथी, आमच्या ग्रुपमध्ये दोन मिनिटं. पाचव्याला, साधारण चार महिन्यांनी, शॉपमधल्या सेफ्टी मीटिंगमध्ये बोलला.

सोबत एक साधी वही, दोनशे पानी कशाला, चाळीस पानी चालेल. करायच्या आधी डावीकडे लिहायचं काय होईल असं वाटतंय आणि भीती दहापैकी किती. करून आल्यावर उजवीकडे खरंच काय झालं. चिवड्याच्या दिवशी त्याच्या वहीत डावीकडे होतं 'दुकानदार सगळ्यांसमोर बोलेल, भीती ८' आणि उजवीकडे 'त्याने बघितलंपण नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला दिलं'. अशी वीस-पंचवीस पानं झाली की मग मला काही समजवावं लागत नाही, मन म्हणतं 'फजिती होईल' आणि वही म्हणते मागच्या बावीस वेळा दोनदाच झाली आणि तीही किरकोळ.

रोज करायचं, महिन्यातून एकदा मोठी उडी नको. आणि पायरी अडली तर तिच्या मध्ये अजून एक पायरी टाका, माघार घेऊ नका.

४. आरशासमोर उभं राहून 'मी बेस्ट आहे, मी जिंकणारच' म्हणायचं का? युट्यूबवर सगळे सांगतात.

तुमचं आधीच बरं चाललं असेल तर म्हणा, नुकसान नाही. पण ज्यांना स्वतःबद्दल खरंच कमी वाटतं त्यांच्यावर हे उलटतं. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हा प्रयोग केला, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं परत परत म्हणायला लावलं, तर सेल्फ एस्टीम कमी असलेल्यांना नंतर जास्तच वाईट वाटलं. साहजिक आहे, तोंड 'मी बेस्ट' म्हणतं आणि आतून कोणीतरी 'हो का?' म्हणून हसतं. त्यापेक्षा खरं आणि छोटं वाक्य घ्या: 'मागच्या मंगळवारी मी बोललो होतो, आवाज कापला पण वाक्य पूर्ण केलं.' ह्यावर आतला माणूस वाद घालू शकत नाही.

५. बोलायला उभं राहिलं की हातपाय थरथरतात, घसा कोरडा, पाठ केलेलं सगळं गायब. ह्याचं काय करू?

माझंच सांगते. कंपनीत जॉइन झाल्यावर दुसऱ्या महिन्यात मला नवीन भरतीच्या बॅचसमोर पंधरा मिनिटं बोलायचं होतं. साठेक पोरं, पहिल्या रांगेत प्लँट हेड. 'सुप्रभात' म्हटलं आणि पुढचं पान कोरं. हातातला कागद इतका फडफडत होता की माइकमधून त्याचा आवाज यायला लागला, खर्र खर्र, मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी कागद टेबलावर ठेवला, पाणी प्यायले, ग्लास दातांवर आपटला तेही माइकमध्ये गेलं. मग सरळ म्हटलं, 'मला पण टेन्शन आलंय, तुमचा पहिला दिवस आणि माझं पहिलं भाषण.' टाळ्या नाही पडल्या बिडल्या, पण हसू बदललं. साडेसहा मिनिटांत संपवलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

नंतर कळलेल्या गोष्टी. धडधड म्हणजे काही बिघडलेलं नसतं, अ‍ॅड्रेनलिन वाढलं की हृदय जोरात पंप करतं, तोंड कोरडं पडतं, हाताला कंप सुटतो. लग्नात वरातीत नाचताना पण छाती धडधडतेच, तिथे आपण तिला मजा म्हणतो. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्सने २०१४ मध्ये हेच तपासलं, गाणं किंवा भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी एक्सायटेड आहे' म्हणणाऱ्यांचं बरं झालं. कारण धडधड आहे तशीच ठेवून फक्त तिचं नाव बदलणं सोपं, एकदम शांत होणं अवघड.

व्यवहारात: सुटा कागद नको, जाड कार्ड घ्या, ते फडफडत नाही. अख्खं भाषण पाठ करू नका, पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक एवढंच पाठ, मधले फक्त मुद्दे. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावा. आणि स्टेजवर आधीच जाऊन उभं राहून या, रिकाम्या खुर्च्या बघून या.

६. सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटतं. कपडे, आवाज, चालणं, सगळं.

कोणी बघत नाहीये हो. आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही, मोजलेलं आहे. कॉर्नेल विद्यापीठात २००० साली गिलोविच आणि मंडळींनी विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो नावाच्या गायकाचा फोटो असलेला टीशर्ट घालून, जो त्या पोरांना लाजिरवाणा वाटायचा, एका खोलीत पाठवलं. घालणाऱ्याला वाटलं निम्म्या लोकांनी तरी नीट पाहिलं असणार, प्रत्यक्षात साधारण चौथ्या हिश्श्याने पाहिलं. ह्याला स्पॉटलाइट इफेक्ट म्हणतात.

घरच्या घरी करून बघा, मागच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वहिनींनी कुठली साडी नेसली होती? नाही ना आठवत. त्यांनी मात्र निघायच्या आधी तीन बदलल्या होत्या.

७. मी पेठ तालुक्यातला, कॉलेज रोडला शिकतो. इंग्लिश कच्चं म्हणून वर्गात गप्प बसतो. कॉन्फिडन्स कसा आणू?

हा कॉन्फिडन्सचा प्रश्न कमी आणि सरावाचा जास्त. दोन्ही एक समजलं की माणूस मोटिव्हेशनल व्हिडिओ बघत बसतो आणि इंग्लिश आहे तिथेच. येत नसलेल्या गोष्टीबद्दल शंका वाटणं ही शंका बरोबरच आहे, ती घालवायची नाही, ती गोष्ट शिकायची. रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचा, मनात नाही, मोठ्याने, जिभेला सवय होऊ द्या. दिवसभरात काय केलं ते रात्री मोबाइलवर दोन मिनिटं इंग्लिशमध्ये रेकॉर्ड करा, दर रविवारी मागच्या रविवारचं ऐका.

आणि गप्प बसू नका, वर्गात मराठीत विचारा. इंटरव्ह्यूच्या टेबलाच्या पलीकडे मी इतकी वर्षं बसलेय, 'सर, हे मी मराठीत नीट सांगू का?' असं विचारणाऱ्याला आम्ही कधी नापास केलं नाही, डोकं खाजवत तीन मिनिटं 'अॅक्च्युअली, बेसिकली' करणाऱ्याला मात्र केलंय. सगळीकडे चालेल असं नाही, कॉल सेंटरला नाही चालणार, पण शॉप फ्लोअरच्या, अकाउंटच्या नोकऱ्यांना बरेचदा चालतं.

८. आणि नाहीच म्हणाले तर? किंवा हसले तर?

तर नाही म्हणाले. हसले तर हसले.

बरं, हे ऐकून कोणाचंच समाधान होत नाही म्हणून अल्बर्ट एलिसचं सांगते, विवेकनिष्ठ उपचारपद्धती ज्याने काढली तो. एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायला त्याची पाचावर धारण बसायची. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी दिसेल तिच्याशी बोलायचंच असं त्याने ठरवलं. शंभरेक जणींशी बोलला. भेटायला तयार झाली फक्त एक, तीही आलीच नाही. म्हणजे रिझल्ट बघितला तर शंभर टक्के फेल. पण आभाळ काही कोसळलं नाही आणि त्याची भीती गेली. मुलांनो, ह्याचा अर्थ फाळके स्मारकात जाऊन पोरींना त्रास द्यायचा असा नाही, ते १९३० च्या दशकातलं होतं. तुम्ही डिस्काउंट मागा, पत्ता विचारा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करा. नकार मिळवायची प्रॅक्टिस करायची, होकाराची नाही.

९. आत्या, मावशी सगळ्या तुलना करतात, 'तिचा मुलगा बघ पुण्यात केवढ्या पॅकेजला'. ऐकून अजून खचतो.

आत्याला गप्प करता येत नाही, माझ्याही आहेत. 'हो ना आत्या, हुशारच आहे तो' म्हणायचं आणि पोहे घ्यायचे. वाद घातला की ती दुसरं उदाहरण काढते.

पण तुलना सगळी वाईट नसते. प्रश्न २ मध्ये दुसरा स्रोत सांगितला, आपल्यासारख्या कोणाला जमताना पाहणं, त्यात 'आपल्यासारख्या' हा शब्द मुख्य. अंबानींचं बघून काही होत नाही. कविता राऊत हरसूलकडच्या सावरपाड्याची, आदिवासी पाड्यावरची, तिने २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १०,००० मीटरमध्ये ब्राँझ आणलं, कॉमनवेल्थमध्ये ट्रॅकवरचं वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तो सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला गेला, २०१८ च्या एशियाडला टीममध्ये गोल्ड. आपल्या बसस्टँडवरून ज्या गावांच्या एसट्या सुटतात तिथली ही माणसं. त्याहून चांगलं म्हणजे तुमच्या वर्गातला, तुमच्यापेक्षा एकच पायरी पुढे असलेला मुलगा शोधा आणि विचारा तू हे कसं केलंस.

इन्स्टावरच्या तुलनेबद्दल पण विचारतात. तिथे लोक निवडलेले पंधरा सेकंद टाकतात, बाकीचे तेवीस तास एकोणसाठ मिनिटं टाकत नाहीत, ह्याहून जास्त काही मला सुचत नाही.

१०. माझी मुलगी नऊ वर्षांची, घरी पोपट आणि शाळेत मुकी. 'तू खूप हुशार आहेस' असं रोज सांगते तरी फरक नाही.

'हुशार आहेस' थांबवा. म्युलर आणि ड्वेक ह्या दोघींनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. कोडी सुटल्यावर काहींना 'किती हुशार' म्हटलं, काहींना 'किती मेहनत घेतलीस'. हुशार म्हटलेली मुलं नंतर सोपीच कोडी मागायला लागली आणि अवघड आल्यावर लवकर ढेपाळली, मार्क वाढवून सांगणारी पण त्यांच्यातच जास्त. हुशारीचं लेबल लागलं की ते पडेल ह्याची भीती.

तिने काय केलं ते नेमकं सांगा, 'आज तू बाईंना पाणी प्यायला जाऊ का विचारलंस'. पाहुण्यांसमोर 'कविता म्हणून दाखव' हा छळ बंद. आणि ती बोलत नसताना 'आमची ना फार लाजाळू आहे हो' हे तिच्यादेखत म्हणू नका, ती ऐकत असते. दुकानात सुट्टे पैसे तिच्या हातात द्या आणि तिचं तिला बोलू द्या, मध्ये पडू नका, दुकानदार थांबतो. आणि एक, घरी बोलते पण शाळेत महिनोन् महिने एक शब्दही नाही असं असेल तर तो नुसता बुजरेपणा नसू शकतो, बालमानसोपचारवाल्यांना दाखवा.

११. मला प्रमोशन मिळालं, पण वाटतं चुकून मिळालंय, कधीतरी पकडली जाईन.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स ह्यांनी १९७८ मध्ये दीडशेहून जास्त यशस्वी बायकांशी बोलून ह्याला इम्पोस्टर फिनॉमिनन नाव दिलं, त्या सगळ्यांना हेच वाटायचं. यश आलं की नशीब, चुकलं की मी. हिशेबच असा मांडलाय की खात्यात कधी जमा होणारच नाही. तुम्हाला वहीत अजून एक कॉलम हवा: ह्यात मी काय केलं. 'ऑडिट नीट गेलं' लिहून सोडू नका, 'ऑडिटच्या आधी तीन रात्री बसून जुनी बिलं मीच लावली' असं लिहा.

बायकांना एक जास्तीचं: घरी कोणी 'ऑफिसात काय, नुसतं एसीत बसायचं' म्हणत असेल तर आत्मविश्वास तुमचा कमी नाही, तो रोज थोडा थोडा कोणीतरी कुरतडतंय. त्यावर वहीचा उपाय नाही, तिथे बोलावं लागतं.

१२. मी सहा महिने सगळं करतोय, मीटिंगमध्ये बोलतो पण, तरी भीती तेवढीच. माझ्यावर काम नाही करत का हे?

कुबड्या तपासा. बोलता पण स्लाइड वाचून? मोबाइल हातात घट्ट धरून? प्रत्येक वाक्य आधी मनात दोनदा म्हणून? कोणाच्या डोळ्यात न बघता? ह्या गोष्टींनी वेळ निभावते पण क्रेडिट कुबडीला जातं, मन म्हणतं 'स्लाइड होती म्हणून वाचलो'. खात्यात जमा शून्य. मानसोपचारात ह्यांना सेफ्टी बिहेविअर म्हणतात. एका वेळी एकच सोडा. आमच्याकडच्या एका सरांनी फक्त खिशातला हात बाहेर ठेवायचा एवढंच पंधरा दिवस केलं, म्हणाले इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं, आणि मग हळूहळू सुटलं.

१३. तीन वेळा एमपीएससी दिली, पूर्व परीक्षेच्या पुढे जात नाही. सगळे म्हणतात स्वतःवर विश्वास ठेव. ठेवू का?

हा प्रश्न मला सगळ्यात अवघड जातो, कारण इथे 'विश्वास ठेव' म्हणणं सोपं आणि कधीकधी क्रूर असतं. लाखांनी बसतात आणि जागा शेकड्यांत, कधी थोड्या जास्त. म्हणजे तयारी चांगली असूनही बाहेर राहणारेच जास्त, हे गणित आहे, तुमच्यातली खोट नाही. आणि गणित आहे म्हणूनच नुसत्या विश्वासावर वयाची तिशी घालवायची नाही.

शंकेला विचारा तू कशावरून बोलतेयस. तिन्ही वेळचे मार्क आणि कटऑफ शेजारी शेजारी लिहा. अंतर कमी होतंय का? होत असेल तर एक शेवटचा प्रयत्न, पण तारीख आणि आकडा आजच लिहून, घरच्यांसमोर. अंतर तेवढंच किंवा वाढतंय तर शंका खरं बोलतेय, तिचं ऐका. अभ्यासिकेतून उठून दुसरीकडे जाणं म्हणजे कच खाणं नाही. एक मुलगी पाच वर्षांनी सोडून सीए ऑफिसला लागली, पहिले सहा महिने कोणाला सांगितलंच नाही तिने, सीबीएसच्या पुढे ओळखीचं कोणी दिसलं की रस्ता बदलायची. आता जीएसटीचं काम बघते आणि मला रिटर्न भरायची तारीख चुकली की ओरडते.

१४. माझ्या मित्राला काही येत नाही पण कॉन्फिडन्स फुल्ल. त्याचं कसं चालतं?

डनिंग आणि क्रुगर ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये लोकांची परीक्षा घेऊन हेच बघितलं, ज्यांचा स्कोअर सगळ्यात खाली त्यांनीच स्वतःला सगळ्यात जास्त फुगवून मोजलं. चालतं थोडे दिवस. रात्री पावसात धुक्यात कसारा घाट उतरताना ड्रायव्हरला थोडी शंका असलेली मला तरी आवडते.

१५. तीन दिवसांत कॉन्फिडन्सची गॅरंटी, आठ हजार फी. लावू का?

नका लावू. मी एकदा स्वतःच्या पैशाने बसले होते अशा एकात, नाव घेत नाही. एसी हॉल, मोठं म्युझिक, सगळ्यांना खुर्चीवर उभं करून ओरडायला लावलं, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं सुपरमॅनसारखं उभं केलं की म्हणे हार्मोन बदलतात. अशा पोजचा अभ्यास २०१० चा, फक्त ४२ लोकांवरचा, २०१५ मध्ये दोनशे लोकांवर परत केला तेव्हा हार्मोनचा परिणाम दिसला नाही आणि २०१६ मध्ये मूळ अभ्यासातल्या पहिल्या लेखिकेनेच मला आता ह्यावर विश्वास नाही असं जाहीर सांगितलं. ताठ उभं राहिलं की बरं वाटतं हे खरं, पण त्याला आठ हजार लागत नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे भारावलेले होतो, सोमवारी ऑफिसात परत तेच.

मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला असते ना, फुकट असते, तिथे वक्त्यांना एक प्रश्न विचारायचा प्रयत्न करा. तो जास्त महागाचा कोर्स आहे.

१६. हे साधं आहे का आजार आहे, कसं ओळखायचं?

मी ओळखू शकत नाही, पण डॉक्टरकडे कधी जावं ते सांगते. भीतीमुळे नोकरी, परीक्षा, लग्नकार्य टाळायला लागलात आणि असं महिनोन् महिने चाललंय. झोप, भूक गेलीय, ज्यात मजा यायची त्यात येत नाही. स्वतःला 'नालायक' म्हणणं दिवसभर थांबत नाही. दारू घेतल्याशिवाय चार लोकांत जाता येत नाही. ह्यातलं काही असेल तर वही-पायऱ्यांवर थांबू नका. सोशल अँग्झायटी आणि डिप्रेशन दोन्हीवर उपचार आहेत, बोलण्याचे आहेत आणि लागली तर औषधं पण.

सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर आत्ताच लावा, पुढचा प्रश्न वाचायची गरज नाही, आणि घरातल्या एकाला शेजारी बसवा. डॉक्टरांचा खर्च झेपणार नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये केस पेपर काढून मानसोपचाराच्या डॉक्टरांबद्दल विचारा. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणणारे म्हणू देत.

१७. ताई, तुम्हाला तर आता भीती वाटतच नसेल?

वाटते. मागच्या महिन्यात पुतणीच्या साखरपुड्यात मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तीनशे माणूस, व्याह्यांकडचे सगळे प्रोफेसर. बाहेर पार्किंगमध्ये जाऊन गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून लिहिलं: 'आवाज फाटेल, मुलाच्या आईचं नाव विसरेन, भीती ७.' मग गेले आणि बोलले.

उजवीकडे लिहिलंय: 'आवाज ठीक. आईचं नाव विसरले. त्या स्वतःच ओरडून म्हणाल्या, सुनंदा! जेवताना मला आग्रह करून दोन जिलब्या वाढल्या.'